ठेवणीतले : जुन्या वस्त्रांच्या छोट्या व्यवसायाची प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या घरांत, मग ते देऊळगाव राजा येथील पडझडीस आलेल्या वाड्याचे माजघर असो की मलकापूरच्या पेठेतील एखाद्या व्यापाऱ्याची माडी, एखादी तरी पत्र्याची पेटी अशी आढळते की जिच्यातील वस्त्रे आता कोणी नेसत नाही, परंतु टाकून देण्यासही कोणाचा हात धजत नाही. आणि ती कोठून आली, कोणत्या लग्नात घेतली, कोणी कोणास दिली, हे सांगू शकणारी पिढी तर दिवसेंदिवस विरळ होत चालली आहे. अशा पेटीचा निकाल आपल्याकडे आजवर दोन मार्गांनी लागत आला. वस्त्र साधे असेल तर ते बोहारणीच्या गाठोड्यात जाते आणि त्याच्या मोबदल्यात घरात स्टीलचे पातेले येते. वस्त्राला खऱ्या जरीचे काठ असतील तर जुनी जरी विकत घेणारा फिरता व्यापारी ते तागडीत घालतो, काठ आणि पदर कापून नेतो, आणि पुढे ते जाळून त्यातील चांदी वेगळी केली जाते. ज्या पदरावर विणकराचे कित्येक महिने खर्ची पडले असतील, त्याची किंमत अशा रीतीने धातूच्या भावाने ठरते. या दोन्ही मार्गांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, कारण बोहारणीच्या दारोदारच्या फेरीवर अनेक गरीब कुटुंबांची गुजराण झालेली आहे. परंतु तिसराही एक मार्ग संभवतो, जुन्या पोशाखाची मनापासून आवड असणाऱ्या आणि हाताशी थोडके भांडवल असणाऱ्या माणसाने तो चोखाळला तर त्यात वस्त्राचेही रक्षण आहे आणि स्वतःचीही प्राप्ती आहे, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका सिद्ध झाली आहे.

आवड आणि व्यवसाय यांच्यामध्ये जे अंतर असते ते बहुतेकांस भांडवलाचे वाटते. माझ्या मते ते अंतर पारखेचे आणि नोंदीचे आहे. लंडनच्या किंग्ज रोडवर १९६६ साली 'ग्रॅनी टेक्स अ ट्रिप' या नावाचे दुकान निघाले आणि आजीच्या काळातील कपडे तरुण पिढी मिरवू लागली. पॅरिसच्या पॅले रॉयालमध्ये १९७५ पासून दिदिए ल्युदो यांनी नामांकित शिवणगृहांचे जुने पोशाख विकण्याचा व्यवसाय प्रतिष्ठेस नेला. आणि अलीकडे मुंबई-पुण्याच्या मुली इन्स्टाग्रामवर जुन्या साड्यांची छायाचित्रे टाकून घरबसल्या विक्री करू लागल्या आहेत. या सर्वांत समान सूत्र एकच दिसते. नवे वस्त्र घेणारा गिऱ्हाईक वस्त्राचे पैसे देतो. जुने वस्त्र घेणारा मात्र वस्त्राबरोबर त्याच्या माहितीचेही पैसे देतो, आणि ती माहिती खोटी निघाली तर वस्त्र कितीही सुंदर असले तरी तो पुन्हा त्या दारात येत नाही.

आमचा जिल्हा या कामास अनुकूल का, याचे उत्तर त्याच्या व्यापाराच्या इतिहासात आहे. मेहकरचे मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते की गावाभोवती तट उभारण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, अशी हकीकत जुन्या गॅझेटियरांतून येते. उत्तरेस सातपुडा ओलांडला की बुऱ्हाणपूर लागते, जेथील तलम कापडाचे आणि कलाबतूचे वर्णन सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने करून ठेवले आहे. दक्षिणेस जालन्यापलीकडे पैठण आणि औरंगाबादचे हिमरू. पूर्वेस नागपूर, पवनी, उमरेड येथील कोष्टी विणकरांचे माग. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे विलायतेतील गिरण्यांस वऱ्हाडी कापसाची निकड भासली, आणि १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा लोहमार्ग खुला झाला. तेव्हापासून खामगावहून कापसाच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या आणि परतीच्या वाटेने गिरणीचे कापड येऊ लागले. येथील हातमाग या व्यवहारात मागे पडले ही दुःखाची गोष्ट खरीच. परंतु पेठेत मारवाडी, गुजराती, मुसलमान, मराठे, ब्राह्मण, माळी, कोष्टी अशा सर्वांची वस्ती आणि सर्व दिशांचा माल एकत्र आल्यामुळे आज एखाद्या जुन्या घराण्याच्या पेटीत येवल्याची पैठणी, इरकलचे लुगडे, महेश्वरचे सुती-रेशमी, राजस्थानचा गोटा लावलेला घागरा आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलचे धोतर ही शेजारी शेजारी सापडण्याचा जो संभव येथे आहे, तो एकाच वाणाच्या कापडाची परंपरा असलेल्या गावी नाही. ती एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली, आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस दाराशी असणे हे त्या स्थळाच्या निवडीचे एक मुख्य कारण होते.

एका लुप्त झालेल्या रंगाचा उल्लेख येथे केल्यावाचून पुढे जाववत नाही. वऱ्हाड-निमाडच्या शेतांत पूर्वी आल नावाच्या झुडुपाची लागवड होत असे. त्याच्या मुळांपासून निघणाऱ्या तांबड्या रंगात रंगारी लोक खारवा आणि लुगड्यांचे सूत रंगवीत. १८६९ साली जर्मनी आणि इंग्लंड येथे अलिझरीन हा रंग कृत्रिम रीतीने तयार करण्याची युक्ती साधली, तो पुडीतला रंग काही वर्षांत बाजारोबाजार पोचला, आणि आलीची शेती व तिच्यावर पोसलेले रंगारी दोन्ही बसले. यास्तव पेटीच्या तळाशी एखादे जुने, भाजलेल्या विटेच्या रंगाचे जाड सुती वस्त्र सापडले, तर ते फिक्या रंगाचे म्हणून बाजूस टाकू नये. पुस्तिकेतील रंगांचे प्रकरण वाचकाने दोनदा वाचावे असे मी म्हणतो ते याचसाठी. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा शोधला आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली, एवढ्या दोन तारखा ध्यानात ठेवल्या तरी 'शिवकालीन' म्हणून पुढे केलेल्या झगझगीत जांभळ्या शालूची शहानिशा जागच्या जागी करता येते.

पारख ही केवळ डोळ्यांची बाब नव्हे. अस्सल पैठणीच्या पदरावरची मुनिया किंवा आसावली बाण्याच्या रंगीत धाग्यांची सांधणी करून विणलेली असते, म्हणून पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. जॅकार्डवर विणलेल्या पदराच्या मागे मात्र लांब मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. तथापि पैठणी म्हटले की सर्वांगी रेशीम अशी समजूत करून घेणारा नवखा व्यापारी फसतो, कारण पेशवाईतील आणि एकोणिसाव्या शतकातील कित्येक पैठण्यांचे अंग तलम सुताचे असून रेशीम व जर काठ-पदरापुरतीच असे. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा; ती काळवंडते, पण तिचे अंग धातूचेच राहते. तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली जर झिजली की आतून लाली दिसू लागते. प्लास्टिकची जर मात्र वर्षानुवर्षे नव्यासारखी चकाकते, आणि तिची ती अखंड चकाकीच तिच्याविरुद्धचा पुरावा होय. धाग्याची जात ओळखण्यासाठी शिवणीच्या आतील एखादा सुटा तंतू चिमट्यात धरून जाळावा: रेशमास केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, सुतास कागदाचा वास येतो, आणि टेरिलीन-नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी होतो. हा प्रयोग मालकाच्या परवानगीवाचून आणि दर्शनी भागाच्या धाग्यावर कधीही करू नये. चंद्रकळेविषयी एक विशेष सूचना आहे. लोहयुक्त क्षाराने पक्का केलेला जुना काळा रंग कालांतराने धागाच खातो. बाहेरून अखंड दिसणारी काळी चंद्रकळा घडी उलगडताच घडीवर उसवते, आणि तिला जगातला कोणताही रफूगर पुन्हा नेसण्याजोगी करू शकत नाही. अशी चंद्रकळा विकत घ्यायची तर ती अभ्यासासाठी घ्यावी, विक्रीसाठी नव्हे.

जुन्या वेशाची आवड हे उदरनिर्वाहाचे साधन होऊ शकते, याविषयी आपल्या महाराष्ट्रात तरी शंका उरू नये. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या, नियतकालिकांसाठी वेशचित्रे काढू लागल्या, आणि तेथून चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. १९६६ च्या 'आम्रपाली' चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील वस्त्रांचा अभ्यास केला, आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, जे मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. अजिंठ्याच्या ज्या डोंगररांगेत ती लेणी आहेत तिच्याच पुढच्या भागावर बुलढाणा शहर वसलेले आहे. आमच्या मुलींनी सहलीस जाऊन त्या चित्रांपुढे स्वतःची छायाचित्रे काढण्याबरोबरच त्यांतील पट्टेदार अंतरीय आणि आखूड बाह्यांच्या चोळ्या नीट पाहाव्यात, असे मला फार वाटते. दुसरे नाव पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तूंच्या मागे हिंडण्यास प्रारंभ केला, अडकित्ते, दिवे, भांडी, वस्त्रे असे जे जे सामान्य घरात वापरले जाई ते गोळा केले, आणि दिवंगत पुत्राच्या नावाने उभारलेला 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हा संग्रह अखेर शासनाच्या स्वाधीन केला. केळकरांनी व्यापार केला नाही. तरीही व्यापार करणाऱ्याने त्यांच्यापासून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे गरिबाघरच्या वस्तूकडे पाहण्याची त्यांची आदरबुद्धी. ज्यांस पुस्तकाची गोडी आहे त्यांनी गोविंद सदाशिव घुर्ये यांचा १९५१ साली प्रसिद्ध झालेला भारतीय वेशभूषेवरील इंग्रजी ग्रंथ जवळ ठेवावा.

आता खरेदीविषयी लिहितो, कारण या व्यवसायाची अब्रू खरेदीत आहे. आमच्या जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीन पावसावर अवलंबून; एक हंगाम बुडाला की घरातील जोखमीच्या वस्तू बाहेर निघतात, आणि त्यांत पुष्कळदा आजीची पैठणी असते. अशा वेळी दारी आलेल्या जाणत्या व्यापाऱ्याने गप्प राहून बोहारणीपेक्षा शंभर रुपये अधिक देणे कायद्याच्या दृष्टीने कदाचित निर्दोष असेल; माझ्या दृष्टीने ते लबाडीचे आहे, आणि हे मी स्पष्ट लिहितो. जेथे विकणाऱ्या माउलीस वस्तूची किंमत ठाऊक नाही आणि घेणाऱ्यास आहे, तेथे घेणाऱ्याने ती सांगणे हे त्याचे कर्तव्य होय. "आजी, ही चीज साधी नाही, हिची किंमत याहून पुष्कळ आहे, पण तेवढे पैसे आज माझ्याजवळ नाहीत," असे म्हणण्यात कमीपणा कोणता? त्यापुढची वाट खामगावच्या कापूस बाजाराने आपल्याला पूर्वीच दाखवून ठेवली आहे. अडत्या शेतकऱ्याचा माल आपल्या नावावर न घेता विकून देतो आणि ठरलेली अडत घेतो. तद्वत मौल्यवान वस्त्र घराण्याच्याच मालकीचे राहू द्यावे, पावती लिहून ते विक्रीसाठी आपल्याकडे ठेवावे, आणि विकले गेल्यावर ठरल्या शेकड्याप्रमाणे आपला हिस्सा वळता करून बाकीची रक्कम त्या घरी पोचती करावी. यात नवख्या व्यावसायिकाचे भांडवल अडकत नाही आणि त्या घराचा विश्वास बसतो. त्या विश्वासाच्या जोरावर शेजारच्या चार पेट्या आपोआप उघडतात.

प्रत्येक वस्त्रास क्रमांक द्यावा. वस्त्र कोणत्या गावाहून आले, घरच्या माणसांनी त्याविषयी काय सांगितले, त्यातले आपणास पडताळता आले किती आणि केवळ ऐकीव किती, लांबी-रुंदी, डाग, विरलेली जागा, रफू, धुलाई, खर्च, अशी नोंद वहीत असल्यावाचून ते विक्रीस काढू नये. आणि गिऱ्हाइकास पाठवावयाच्या मजकुरात दोष आधी लिहावेत. हिशेबाच्या बाबतीत आवड ही मोठी शत्रू आहे. समजा एक साडी ९०० रुपयांस घेतली, रफूस ३५० आणि धुलाईस १०० लागले, व पाठवणीचा खर्च १५० आला. ती २,२०० रुपयांस गेली की ७०० रुपये सुटले असे वाटते. परंतु अशा दहा साड्यांपैकी तीन विकल्याच गेल्या नाहीत, आणि असे नेहमी घडते, तर दहांवर १३,५०० आणि पाठवणीवर १,०५० मिळून १४,५५० रुपये खर्च झाले व सात साड्यांचे १५,४०० हाती आले. शिल्लक उरली ८५० रुपये, आणि त्यात छायाचित्रे काढण्यात व पत्रोत्तरांत गेलेल्या दिवसांची मजुरी धरलेलीच नाही. जो आरंभीच असा हिशेब मांडतो तो खरेदीचा भाव व विक्रीचा भाव दोन्ही विचाराने ठरवतो, आणि टिकतो.

कायद्याच्या तरतुदी सविस्तर पुढे आल्या आहेत. येथे दोन-तीनच नमूद करतो, कारण त्यांचे अज्ञान महागात पडते. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंच्या विक्रीच्या धंद्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठवता येत नाही. सबब पणजीचा शालू परदेशस्थ गिऱ्हाइकास परभारे टपालाने रवाना करण्यापूर्वी त्याचे वय पाहावे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हस्तिदंती बांगड्या, मग त्या पोशाखाबरोबर पेटीत कितीही सहज आलेल्या असोत, विक्रीस ठेवता येत नाहीत. वस्तू व सेवा कराच्या नियमांत, क्रमांक ३२ च्या पाचव्या पोटनियमान्वये, वापरलेला माल विकणाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसल्यास खरेदी व विक्री यांच्या फरकावरच कर आकारण्याची सोय आहे, तिचा लाभ कर सल्लागारास विचारून अवश्य घ्यावा. उद्यम नोंदणी संगणकावर विनामूल्य होते, आणि मुद्रा योजनेच्या 'शिशु' वर्गात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. एवढे कर्ज या कामाच्या प्रारंभास पुरे, अधिक घेऊ नये.

गिऱ्हाईक केवळ मुंबई-पुण्यास आहे असे मानण्याचे कारण नाही. १२ जानेवारीस सिंदखेड राजा येथे जिजाऊंचा जन्मोत्सव होतो, लखुजी जाधवांच्या राजवाड्याच्या परिसरात लाखोंचा समुदाय लोटतो, आणि जिल्ह्यातील शाळाशाळांतून मुली जिजाऊंच्या वेशात सजतात. त्या दिवसांत नऊवार, शेले, फेटे आणि अलंकार भाड्याने देण्याची जी गरज उत्पन्न होते ती आज बहुतांशी चकचकीत कृत्रिम कापडावर भागवली जाते. विक्रीस अयोग्य पण नेसण्यास मजबूत अशी जुनी सुती व इरकली लुगडी येथे उपयोगी पडतील. मात्र गेल्या शतकातील लुगड्यास सतराव्या शतकाची चिठ्ठी लावण्याचा मोह ज्यास आवरत नाही, त्याने या गावी दुकान मांडू नये.

दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र घालावे कसे, ही शंका पुष्कळांच्या मनात येते आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. परंतु ज्या समाजात तान्ह्या बाळास प्रथम आजीच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळतात, जेथे माहेरच्या लुगड्यांची गोधडी लेकीबरोबर सासरी जाते, त्या समाजास जुन्या वस्त्राची किळस मुळात नाही. अनोळखी वस्त्राची आहे. स्वच्छता आणि ओळख या दोहोंनी ती जाते. रेशीम रिठ्याच्या पाण्यात, तेही काठाच्या आतल्या कोपऱ्यावर रंग सुटतो की नाही हे पाहून, धुवावे आणि सावलीत वाळवावे. जरीवर अत्तर शिंपडू नये. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंड किंवा कडुनिंबाची वाळलेली पाने पातळ फडक्यात बांधून ठेवावीत, म्हणजे कसर लागत नाही. आणि वस्त्र धुतलेल्या सुती पंचात गुंडाळून दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, कारण रेशीम तुटते ते बहुधा घडीवरच. आमच्या जिल्ह्यात घाटावर पावसाळ्यातील ओल आणि घाटाखाली मे महिन्यातील उष्मा, दोन्ही या मालाचे वैरी आहेत.

राहता राहिली ती न विकली जाणारी वस्त्रे. जे नेसता येते ते कापू नये, हा नियम निरपवाद ठेवावा. बटवे, उशांचे अभ्रे आणि पोलक्याचे तुकडे करण्यासाठी चांगली पैठणी कापणारा आणि जरीसाठी ती जाळणारा यांच्यात फरक फारच थोडा. परंतु अंग विरून गेले आणि काठ मात्र शाबूत राहिले, तर ते काठ उतरवून सुती साडीस लावावेत. कापण्यापूर्वी पूर्ण लांबीचे छायाचित्र घ्यावे, धाग्यांची आणि नक्षीच्या आवर्तनाची नोंद त्या क्रमांकासमोर वहीत लिहावी, आणि पदराचा एक वीतभर तुकडा क्रमांकाच्या चिठ्ठीसह निराळा जपून ठेवावा. उद्या येवल्याच्या किंवा पैठणच्या एखाद्या विणकरास ती जुनी नक्षी पुन्हा मागावर घ्यावीशी वाटली, तर त्यास दाखवण्यासाठी तो तुकडा हाताशी असला पाहिजे.